तोंडी दिलेला पत्ता

मी हाक मारत होतो आणि सर्व्हर ओ देत होता. तरीही रक्तपेढीतल्या सातपैकी एकाही कॉम्प्युटरवर एकसुद्धा नाव उघडत नव्हतं.

हाक मारणं म्हणजे आमच्या भाषेत पिंग करणं. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनच्या पत्त्यावर एक छोटासा निरोप पाठवायचा. ते मशीन जागं असेल तर उलट निरोप येतो. बस, एवढंच. वायर तुटली असेल, मशीन बंद असेल, तर उत्तर येत नाही. इथे उत्तर येत होतं, अगदी टकाटक. म्हणजे वायर ठीक, मशीन ठीक. मग बिघडलं कुठे?

"वानखडे, किती वेळ?" डॉक्टर परांजपे मॅडम माझ्या मागे उभ्या राहून विचारत होत्या. त्या रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टर. पन्नाशीच्या, सडपातळ, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण उभे आहोत याचीही लाज वाटावी.

"बघून राहिलो ना मॅडम."

"बघून राहा. पण बाहेर बाकावर जो माणूस बसलाय ना, त्याच्या बायकोला तेवढा वेळ नाहीये."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी अमरावतीहून पुण्यात आलो होतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत वर्षभर टिकून तिथून निघालो होतो. एका जागी बसून काम करणं माझ्या पिंडातच नाही. त्यामुळे स्वतःचं सुरू केलं होतं. कोथरूडला एका सोसायटीच्या पार्किंगमधली खोली म्हणजे ऑफिस, एक स्कूटर आणि खिशात मोबाइल. छोट्या छोट्या कंपन्या, क्लासेस, दवाखाने यांची नेटवर्क्स बांधून द्यायची. सर्व्हरवर शक्यतो लिनक्स टाकायचो. ती फुकट मिळणारी, कुणीही उघडून बघावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम. धर्मादाय संस्थांना ती आवडायची, कारण फुकट. मला आवडायची, कारण ती एकदा चालू केली की महिनोन् महिने चालायची, कुरकुर नाही. याच गुणाने पुढे माझी वाट लावली.

कसबा पेठेतल्या एका बोळात दुसऱ्या मजल्यावर ही रक्तपेढी होती. तिचं नाव सांगत नाही. तिथला सर्व्हर मीच बसवला होता. जागा इतकी कमी की त्याला जुन्या मोरीत ठेवला होता. नळ बुचाने बंद केलेला, वर लाकडी फळी, फळीवर सर्व्हर. त्याला मॉनिटरही नव्हता. लागतो कशाला? मी दुसऱ्या मशीनवरून आत शिरून त्याचं काम करायचो.

तर त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी दहाच्या सुमाराला मोबाइल वाजला. पलीकडे बागवान काका. तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला तीन महिने उरलेले. पेठेत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझ्या मराठीची शरम वाटायची.

"वानखडे साहेब, आपला तो आतला कॉम्प्युटर रुसलाय. जरा येता का? जरा म्हणजे आत्ता."

मी विचारलं, "कोणी काही केलं का?"

"छे हो. फक्त पूजा केली."

पूजा! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे मलाही माहीत आहे, आमच्याकडेही होते. पण मला वाटायचं, ही मंडळी मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावत असतील. कॉम्प्युटरला लावत असतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

कोथरूडहून कसब्यात पोचायला मला त्या दिवशी पाऊण तास लागला. रस्त्यावर झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्यांच्या हातगाड्या, त्यांच्यात अडकलेल्या रिक्षा. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. एका काकूंनी रस्ता ओलांडता ओलांडता थांबून मला सांगितलं, "वाजवा, वाजवा. वाजवल्याने रस्ता रुंद होतो." पुणं म्हणजे पुणं.

वर पोचलो तर सातही कॉम्प्युटर नटलेले. मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूचा हार, पुढे नारळ. आणि लाकडी बाकावर तिशीचा एक माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. हाताचे तळवे पिवळेजर्द.

बागवान काकांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हा सोपान. मार्केट यार्डात टेम्पो चालवतो, गाव हडपसरच्या पुढे. बायको सकाळी बाळंत झाली. बाळ ठणठणीत. पण तिचं रक्त थांबेना. ऑपरेशन करावं लागणार आणि त्याआधी रक्त हवं. हॉस्पिटलने नमुना पाठवला. गट 'ओ' दिसला म्हणून काकांनी 'ओ'च्या पिशव्या एकेक करून जुळवून पाहिल्या. एकही जुळली नाही. तेव्हा त्यांनी वेगळी तपासणी केली आणि कळलं, हा बॉम्बे गट आहे.

हे मलाही तेव्हाच कळलं, म्हणून सांगतो. बॉम्बे गट हा फार क्वचित सापडणारा रक्तगट. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' चालत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त चालतं. अशी रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये सहसा नसते. दात्याला फोन करून बोलवावं लागतं.

"आणि आपल्याकडे चार दाते आहेत," काका म्हणाले. "नावं, पत्ते, फोन, सगळं त्या आतल्या मशीनमध्ये. एकाचं तोंड डोळ्यांसमोर येतंय माझ्या. उंच आहे, चष्मा आहे. नाव काही आठवेना."

"आणि ती जुनी कार्डं?"

हे मी तरी विचारायला नको होतं. कारण पूर्वी दात्यांची कार्डं एका लाकडी खोक्यात असायची आणि सर्व्हर बसवल्यावर 'आता हे खोकं कशाला?' असं ऐटीत म्हणणारा मीच होतो. खोकं ट्रस्टींच्या गोडाउनमध्ये गेलं. ट्रस्टी दसऱ्याला सहकुटुंब कोल्हापूरला गेले होते. किल्लीसकट.

मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि सर्व्हरला हाक मारली. ओ आली. ते सुरुवातीला सांगितलंच.

मग त्याच पत्त्यावरून सर्व्हरच्या आत शिरायला गेलो. दार बंद. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बंद. मी ठरवून टाकलं, की मशीन जिवंत आहे पण आतले प्रोग्रॅम मेलेत. असं होतं कधीकधी. पण का मेले? उठलो, मोरीत गेलो, सर्व्हरचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत झेंडूची पाकळी अडकलेली. आतल्या पत्र्यावर कुंकू सांडलेलं.

झालं. माझं डोकं फिरलं.

"हे काय आहे? हे काय करून ठेवलं तुम्ही?" मी पाकळी चिमटीत धरून बागवान काकांसमोर नाचवली. "मशीनमध्ये फुलं घालता? कुंकू ओतता? हे काय देवघर आहे? हे बंद कोणी केलं? कोणाला विचारून केलं?"

"मी केलं," काका म्हणाले. "बाकीचे सगळे स्वच्छ पुसून टेबलावर मांडले, म्हटलं हा बिचारा दिवसरात्र मोरीत राबतो, यालाही एक दिवस बाहेर आणू. बंद केला, पुसला, हार मीच घातला. दरवर्षी हार मीच आणतो हो, मंडईतून."

"वा! चांगला मान केला! मारून टाकला ना त्याला!"

मी मोठ्याने बोलत होतो. सगळं ऑफिस ऐकत होतं. काका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढवला नाही त्यांनी. आज हे लिहितानाही मला कानकोंडं वाटतं.

बाकावरचा सोपान उठून दारापाशी आला होता. "सायेब, फुलांनी बिघडलं का?"

"नाही तर काय!"

त्याने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "झेंडू म्याच आनतोय की चार दिस झालं. टेम्पो भरभरून. त्यातलाच आसंल."

आता या माणसाला काय सांगायचं? मी 'तसं नाही हो' असं काहीतरी पुटपुटलो आणि पुन्हा मशीनकडे वळलो. माझी सवय अशी, की सुचेनासं झालं की हात चालवायचे. मी सर्व्हरचं बटण दाबून धरलं आणि तो बंद करून पुन्हा चालू केला. दोन मिनिटं थांबलो, प्रयत्न केला. दार बंदच. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चालू.

लिनक्सचं मशीन असं धाडकन बंद केलं, की पुढच्या वेळी चालू होताना ते आधी स्वतःची पूर्ण डिस्क तपासतं. त्याला वेळ लागतो. घाईघाईने दोनदा बटण दाबून मी स्वतःच्या हाताने दहा-बारा मिनिटं घालवली होती. मॉनिटर नसल्यामुळे आत ते काय चाललंय हेही दिसत नव्हतं. मी मोरीच्या दारात उभा राहून पाय आपटत होतो.

फोन वाजला. मॅडमनी उचलला. हॉस्पिटलमधून होता. त्या फक्त "हो... हो... कळलं," म्हणाल्या आणि ठेवला. मग माझ्याकडे आल्या.

"सलाइनवर धरून ठेवलंय तिला. एक वाजेपर्यंत रक्त आलं नाही तर तसंच आत घेतील म्हणाले. तसंच म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही. काय करताय?"

"मॉनिटर आणतो मॅडम. आत बघावं लागेल."

"हे आल्या आल्या का नाही केलंत?"

बरोबर होतं. का नाही केलं? कारण हाक मारल्यावर ओ येत होती. त्या ओवर माझा भरवसा बसला होता.

ऑफिसमधल्या एका टेबलावरचा मॉनिटर उचलला. ते जुने, काचेच्या नळीचे मॉनिटर, पोटाशी धरून न्यावे लागायचे. मोरीत ठेवायला जागा नाही. म्हणून सर्व्हरच फळीवरून काढून बाहेर टेबलावर घेतला. काढताना त्याची नेटवर्कची वायर निघाली. तेवढ्यात लॅबमधून मॅडमचा आवाज आला.

"वानखडे, हे तुमचं पडद्यावर ओळींवर ओळी येतंय ते थांबवायचं का?"

"कोणतं?"

"उत्तर आलं, उत्तर आलं, असं येतंय ते."

मी लॅबमध्ये पळालो. हाका मारत राहण्याची आज्ञा मी चालूच ठेवून उठलो होतो. पडद्यावर उत्तरं येत होती, एका मागून एक. आणि सर्व्हरची वायर तिकडे सुटून मोरीत लोंबत होती.

बाप्पा!

सर्व्हर नेटवर्कवर नाहीच, तर मग ओ कोण देतंय?

 त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं, आणि जे दिसलं ते फुलांचं नव्हतं, कुंकवाचं नव्हतं. ते माझं होतं.

आता थोडं सांगावं लागेल. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, चार आकड्यांचा. दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे पत्ते वाटणारा एक छोटा डबा असतो, तो जो चालू होईल त्याला पुढचा मोकळा पत्ता देतो. आज हा, उद्या तो. साध्या कॉम्प्युटरला हे चालतं. पण सर्व्हरचा पत्ता कायमचा लागतो, कारण बाकी सगळे त्याला त्याच पत्त्यावर शोधत येतात. म्हणून सर्व्हरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पत्ता द्यायचा असतो. मी या सर्व्हरला दिला होता: १९२.१६८.१.१०. लक्षात ठेवायला सोपा.

लिनक्समध्ये हा पत्ता देण्याच्याही दोन रीती. एक तोंडी. एक आज्ञा टाइप करायची, की आजपासून तुझा पत्ता हा. मशीन लगेच ऐकतं. पण ते जोवर चालू आहे तोवरच. बंद केलं की विसरतं. दुसरी लेखी. आत एक फाइल असते, तिच्यात चार ओळी लिहायच्या: पत्ता डब्याकडून मागू नकोस, तुझा पत्ता हा, तुझ्या गल्लीची हद्द ही, आणि चालू होताच नेटवर्क सुरू कर. मग मशीन शंभरदा बंद करा, चालू करा, पत्ता तोच.

आठ महिन्यांपूर्वी मी या सर्व्हरला पत्ता दिला तो तोंडी. लगेच फाइलमध्ये लिहिणारच होतो. तेवढ्यात कोथरूडच्या एका क्लासवाल्याचा फोन आला, की त्यांची ईमेल अडकलीय. मी म्हटलं, चालतंय ना, फाइलचं नंतर बघू. उठलो आणि गेलो. आठ महिने सर्व्हर बंद झाला नाही, कारण मागे इन्व्हर्टर होता आणि लिनक्स कुरकुर करत नाही. आठ महिने तो तोंडी पत्त्यावर चालला. आणि खंडेनवमीला बागवान काकांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बंद केला.

मी काकांना विचारलं, "पूजेनंतर सगळ्यात आधी काय चालू केलं?"

"आधी तो भिंतीवरचा डबा. मग काउंटर. पहिला मान काउंटरचा असतो, लोक तिथे येतात ना. मग ओळीने बाकीचे. हा आतला शेवटी."

म्हणजे डबा चालू झाला, त्याची पाटी कोरी. त्याने पहिला पत्ता, एक पॉइंट दहा, काउंटरच्या कॉम्प्युटरला देऊन टाकला. बाकीच्यांना पुढचे. सर्व्हर शेवटी उठला. आपला पत्ता काय हे त्याने फाइलमध्ये बघितलं. फाइलमध्ये लिहिलेलं, की डब्याला विचार. त्याने विचारलं. डब्याने सतरा दिला. आणि मी गेला तासभर सर्व्हर म्हणून काउंटरला हाका मारत होतो आणि काउंटर इमानदारीत ओ देत होता.

मी वायर लावली, मॉनिटर जोडला. पडद्यावर सर्व्हर शांतपणे, आत कोण येतंय त्याचं नाव विचारत बसलेला. आतले प्रोग्रॅम सगळे जिवंत, एकही मेला नव्हता. पत्ता बघितला. सतरा.

 गुपचूप ती फाइल उघडली. घाईत चुका होत होत्या. एक ओळ लिहिली, खोडली. मग लक्षात आलं, की दहा तर आता काउंटरकडे आहे. तो आधी सोडवायला हवा. आणि डब्यालाही सांगायला हवं, की दहा कोणाला देऊ नकोस. म्हणजे आधी डबा, मग काउंटर, मग ही फाइल, मग नेटवर्क पुन्हा सुरू, मग सातही मशीनवर जाऊन तपासायचं... मी उठलो, डब्याकडे गेलो, परत आलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. या वेळी काम पक्कं करायचं, लेखी करायचं, एवढंच डोक्यात. घड्याळात पावणेबारा.

मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. 

"हे मशीन चालू आहे?"

"हो."

"आमची माहिती याच्यात आहे?"

"हो मॅडम. पूर्ण आहे. फक्त पत्त्याचा घोळ झाला. तो एवढ्यात, अर्ध्या तासात..."

"वानखडे, तुम्ही त्या माहितीच्या समोर बसलाय का?"

"...हो."

"मग पत्ता मरू दे. नावं वाचा."

 माझ्या समोर, हातभर अंतरावर, ती चार नावं होती. वीस मिनिटांपासून होती. सातही कॉम्प्युटरना ती दिसली पाहिजेत याच्या मागे मी लागलो होतो आणि कुणाला सातवर नको होती. एका माणसाला एका कागदावर हवी होती.

डेटाबेसमध्ये शिरलो. एका ओळीचा प्रश्न टाइप केला. चार नावं, चार फोन पडद्यावर आले. मी वाचत गेलो, बागवान काका लिहीत गेले. दुसरं नाव वाचलं आणि काका म्हणाले, "हाच. उंच, चष्मा."

काकांनी फोन फिरवायला सुरुवात केली. पहिला नंबर लागला, पण ते गृहस्थ घर बदलून नाशिकला गेलेले. चष्मेवाल्याने तीनच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका पेशंटसाठी रक्त दिलेलं. दोन वेळा देण्यात तीन महिने जावे लागतात. तो म्हणत होता, "तरी येतो, घ्या." काका म्हणाले, "नाही बाळा, नियम आहे. पण तू 'येतो' म्हणालास, बरं वाटलं." तिसऱ्या नंबरवर नुसतीच घंटा वाजत राहिली. एव्हाना सोपान फोनच्या टेबलाशी येऊन उभा होता. काकांनी प्रत्येक आकडा फिरवला की त्याचे ओठ हलायचे.

चौथा नंबर एका शाळेचा होता. चौथं नाव तिथल्या एका शिक्षिकेचं, शाळेत सरस्वतीपूजन चाललं होतं. शिपाई त्यांना बोलवायला गेला. काकांनी फोन कानाशी धरून ठेवला.  मला तर उभंही राहवेना, बसवेनाही. मग काका ताठ झाले.

"ताई, कसबा पेठेतून बोलतोय. हो, तेच. गरज आहे. ... बाळंतीण आहे हो." आणि मग, "रिक्षाने या. नाष्टा केलाय ना?"

त्यांनी फोन ठेवला. "निघाल्या."

सोपानने फोनला हात लावून नमस्कार केला.

बाई साडेबाराच्या आत आल्या. जरीची साडी, केसांत शेवंती, थेट पूजेतून. त्यांचं रक्त घेतलं, तपासलं, जुळवलं. त्या तपासण्यांच्या वेळेत काकांची चाल पाहण्यासारखी होती. घाई नाही आणि एक क्षण वायाही नाही. प्रत्येक नळीवर आधी नाव लिहायचे, मग ती हातातून खाली ठेवायचे. एकदाही उलट झालं नाही. हॉस्पिटलला फोन करून मॅडमनी थोडी मुदत मागून घेतली. सोपान रक्ताच्या पिशवीची पेटी छातीशी धरून जिना उतरला तेव्हा एक वाजून गेला होता.

तीनच्या सुमाराला फोन आला. ऑपरेशन झालं. रक्त थांबलं. बाळंतीण शुद्धीवर आहे. मॅडमनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. मला रडू आलं. लपवायचं म्हणून मी मोरीत गेलो आणि फळी पुसत बसलो.

तोवर मी फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. डब्याला सांगून दहा मोकळा केला होता. सातही मशीन सुरळीत चालत होती. निघायची वेळ झाली होती आणि खरं सांगतो, मला लवकर निघायचं होतं.

पण त्या रक्तपेढीची एक रीत होती. काहीही चुकलं, साधी चिठ्ठी चिकटवायची राहिली तरी, ते चुकांच्या वहीत लिहायचं. काय घडलं, कारण काय, जबाबदार कोण, सही. तपासणीला सरकारी माणसं आली की आधी ती वही मागायची. काका वही घेऊन बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहूनही टाकलं होतं: 'पूजेसाठी सर्व्हर बंद केला. त्यात फूल व कुंकू गेल्याने माहिती मिळण्यास उशीर. जबाबदार: बागवान.' खाली सही.

तीस वर्षांच्या नोकरीत त्या वहीत त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की ती ओळ खोटी आहे आणि ती त्यांनी माझ्या तोंडचं ऐकून लिहिलीय. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधीही कळलं नसतं. पत्ता तोंडी होता की लेखी, हे त्या इमारतीत माझ्याशिवाय कोणाला समजणार होतं?

"काका, पेन द्या," मी म्हटलं.

त्या वहीत खाडाखोड चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी रेघ मारली. खाली लिहिलं: 'सर्व्हरला पत्ता तोंडी दिला होता, फाइलमध्ये लिहिला नव्हता. आठ महिने लिहिला नाही. पूजेचा संबंध नाही. जबाबदार: वानखडे.' सही केली. मग काकांना म्हटलं, "सकाळी मी जे बोललो, ते फार वाईट बोललो. माफ करा."

काकांनी चष्मा काढून पुसला. "पाकळी मात्र होती हो आत," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी हार जरा घट्ट ओवून घेईन."

मॅडमनी वही ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. मला वाटलं, आता संपलं. हा क्लायंट गेला. कदाचित पेठेतले सगळेच जातील.

"आठ महिने," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"लेबल नसलेली पिशवी इथे आठ मिनिटं राहत नाही, वानखडे. फेकून देतो आम्ही. तुम्हाला ठेवतोय." त्यांनी सही केली आणि वही काकांकडे दिली. "आता तो बंद करा आणि पुन्हा चालू करून दाखवा."

मी सर्व्हर बंद केला, पूर्ण बंद, आणि पुन्हा चालू केला. तो उठेपर्यंत त्या हाताची घडी घालून समोर उभ्या होत्या.

आज वीसेक वर्षं झाली. अजूनही कोणत्याही मशीनला पत्ता दिला की मी ते क्लायंटसमोर बंद करून चालू करतो. पाच मिनिटं जातात. लोक घड्याळ बघतात, मोबाइल वाजत राहतो, माझे पाय हलत राहतात. पण उठत नाही.